साडेचार फुटांची फळी

परवा कोथरूडला ताईकडे गेलो होतो. भाची सोफ्यावर पाय वर घेऊन फोनवर कसलंसं नवीन ॲप डाउनलोड करत बसली होती. मध्येच जन्मतारीख विचारली गेली. तिने शांतपणे १ जानेवारी १९९९ असं टाकलं आणि पुढे गेली. मी बघतोय हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मामा, सगळेच टाकतात," ती म्हणाली. "खरी टाकली तर आत घेतच नाही."

भाची चौदा वर्षांची आहे. १९९९ साली तिची आई, म्हणजे आमची ताई, एस. वाय. ला होती. मला आधी हसू आलं. घरी येताना गाडीवर मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं, कारण असंच एक खोटं वय मी स्वतः एका मुलाला लिहायला लावलं होतं. त्याला आता चोवीसेक वर्षं झाली. ती गोष्ट सांगायचीच आहे. पण तिच्याआधी थोडा इतिहास, कारण मुलांना "नको ते" दिसू नये म्हणून कायदे करायची आपली खटपट इंटरनेटपेक्षा फार जुनी आहे आणि पुण्याचा तिच्याशी बऱ्यापैकी जवळचा संबंध आहे.

सुरुवात इंग्लंडात होते. १८६८ साली हिकलिन नावाच्या खटल्यात तिथले सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्यांची मनं अशा प्रभावाला सहज बळी पडू शकतात, अशांच्या हातात हे लिखाण पडलं तर ते बिघडतील का, हे बघायचं. पुस्तक कुणासाठी लिहिलंय, कुणी विकत घेतलंय, याला फारसं महत्त्व नाही. ते घरातल्या सगळ्यात कच्च्या मनाच्या माणसाच्या हाती पडलं तर काय होईल, एवढंच बघायचं. असा माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतं ते लहान मूल.

त्या दिवसापासून कायद्यात एक मुलगा येऊन बसला. त्याला नाव नाही, गाव नाही. तो कोर्टात कधी साक्षीला येत नाही. पण मोठ्या माणसांनी काय वाचायचं हे पुढची शंभर वर्षं बऱ्याच अंशी त्याच्याकडे बघून ठरत गेलं.

आपल्याकडे हीच कसोटी पिनल कोडच्या २९२ कलमाला लावली जाऊ लागली. १९२३ साली जिनिव्हात अश्लील प्रकाशनांविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अनुसरून १९२५ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २९३ वं कलम खास तरुणांसाठी आलं. वीस वर्षांखालच्या व्यक्तीला अश्लील वस्तू विकणं, भाड्याने देणं किंवा दाखवणं हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला.

वीस वर्षं! त्यानंतर चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, सारडा कायदा आला आणि त्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. आता हे दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवून बघा. एकोणीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली बाई संसार करू शकत होती, बाळंतपणं सोसू शकत होती, पण पुस्तकाच्या बाबतीत कायद्याच्या लेखी ती अजाण होती. माझ्या पणजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, असं घरात सांगतात. लग्न म्हणजे काय हे तिला कुणी आधी सांगितलं असेल का, कुणास ठाऊक.

हे सांगण्याचा प्रयत्न करणारा एक माणूस होता. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, ते १९५३ साली मरेपर्यंत. लैंगिक आरोग्य, गर्भनिरोधन, गुप्तरोग याविषयी लोक त्यांना पत्रं लिहून विचारायचे आणि कर्वे सरळ भाषेत उत्तरं द्यायचे. १९३१ साली त्यांच्यावर पहिला खटला झाला, तो पुण्यातल्या सनातनी मंडळींच्या पुढाकाराने. शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. तरीही खटला हरले. दंड दोनशे रुपये.

मला या खटल्यातली एक गोष्ट नेहमी टोचते. मासिकाचे वर्गणीदार मोठी माणसं होती. प्रश्न विचारणारी मोठी होती, उत्तर देणारे पन्नाशीचे होते. प्रश्न अगदी खरे, अडलेल्या माणसांचे होते. पण कसोटी मात्र त्या कच्च्या मनाच्या, न दिसणाऱ्या वाचकाची होती. खऱ्या माणसाला माहिती हवी होती. ती कल्पनेतल्या माणसाच्या काळजीपोटी दंडनीय ठरली.

असो. पुढे जाऊ.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली, आपल्या संसदेने एक कायदा केला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम'. तो आजकाल फारसा कुणाला आठवत नाही. हा अश्लीलतेविषयी नव्हता. गुन्हे, हिंसा, क्रौर्य, भयानक किंवा किळसवाणे प्रसंग रंगवणाऱ्या गोष्टींविषयी होता. वीस वर्षांखालच्या वाचकाला बिघडवेल अशा रीतीने हे रंगवलं असेल, तर छापणारा आणि विकणारा दोघांनाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. एकच वर्ष आधी इंग्लंडात अशाच नावाचा कायदा झाला होता, अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सना घाबरून. भीतीसुद्धा आयात होते ती अशी!

त्याच काळात मराठी घरांतून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड चवीने वाचले जात होते. आमच्या आजोबांनी त्यांची थप्पी कपाटात गणपतीच्या सामानामागे ठेवलेली होती. बाबांनी ती नऊ-दहा वर्षांचे असतानाच शोधून काढली. खून, दरोडे, वेषांतर सगळं वाचलं आणि पुढे बँकेत पस्तीस वर्षं एका पैशाचा घोळ न करता नोकरी केली. (बाबा हे वाचतील तेव्हा म्हणतील की नऊ नाही, अकरा.)

आता पुण्याच्या मुख्य गोष्टीकडे येतो. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची एक कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा तिचा विषय. काकोडकर त्या वेळचे तुफान खपाचे कादंबरीकार. साहित्यवर्तुळात नाव निघालं की नाकं मुरडली जायची, पण सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांची पुस्तकं जागेवर सापडायची नाहीत. या कथेवर अश्लीलतेची फिर्याद झाली, तीही पुण्यात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. लेखक, प्रकाशक आणि विक्रेता असे तिघे आरोपी.

खालच्या कोर्टाने सगळ्यांना सोडलं. त्यावर फिर्यादी आणि सरकार दोघेही हायकोर्टात गेले. हायकोर्टाने लेखक आणि प्रकाशकाला दोषी धरलं. शिक्षा प्रत्येकी पंचवीस रुपये दंड, आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम.

पंचवीस रुपये ही रक्कम काकोडकरांना जड नव्हती. ते भरून मोकळे झाले असते तर कुणी लक्षातही ठेवलं नसतं. पण ते सुप्रीम कोर्टात गेले. तेव्हा वातावरण काही अनुकूल नव्हतं. १९६४ सालीच मुंबईत कुलाब्याच्या एका पुस्तकविक्रेत्याला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल झालेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने कायम केली होती आणि हिकलिनची जुनी कसोटी आपल्याकडेही ग्राह्य धरली होती.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डींनी तो लिहिला आहे. त्यांनी ती कथा अगदी बारकाईने वाचली असावी, कारण कुठल्या प्रसंगात काय आहे याचा ते हिशेब देतात. कथा थोर आहे असं ते कुठेही म्हणत नाहीत. वाङ्मय म्हणून ती सामान्य असेल, कच्ची असेल, अभिरुचीला सोडून असेल, पण म्हणून ती कुणाला बिघडवेल असं नाही, असा त्यांचा सूर आहे. काकोडकर सुटले!

मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो वेगळाच. कोर्टाने तिथे किशोरवयीन मुलांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आजच्या प्रौढांना आणि किशोरांना प्रेमाविषयी, शरीराविषयी लिहिलेलं कितीतरी अभिजात आणि इतर साहित्य सहज मिळतं, सिनेमातही पंचवीस वर्षांपूर्वी जे चाललं नसतं ते आज चालतं, आणि त्याने मुलं बिघडतातच असं नाही. म्हणून एखाद्याच सुट्या वाचकाचा विचार करून चालणार नाही. ज्या वर्गाच्या हाती हे पडेल त्या वर्गावर काय परिणाम होतो ते बघा, असं कोर्टाचं म्हणणं. शंभर वर्षांनी का होईना, कायद्यातल्या त्या मुलाला कुणीतरी जरा नीट, खऱ्या मुलासारखं बघितलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९६९ मध्ये, राजेश खन्नाचा 'दो रास्ते' आला. अख्खी कुटुंबं, मुलाबाळांना मांडीवर घेऊन, तो बघायला गेली. त्याची कथा कुणाची? काकोडकरांच्याच 'नीलांबरी'ची. ज्या लेखकाच्या अंकाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला होता, त्याचीच गोष्ट बघून आमची आजी थिएटरात पदर डोळ्याला लावून रडली होती.

हिकलिनची कसोटी सुप्रीम कोर्टाने अखेर बाजूला ठेवली ती २०१४ साली. पण तोवर तिचे शब्द भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले होते.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्याचं ६७ वं कलम वाचा. इलेक्ट्रॉनिक रूपातला मजकूर जर तो वाचण्याची, बघण्याची किंवा ऐकण्याची शक्यता असलेल्यांना बिघडवणारा असेल, तर शिक्षा. शब्दरचना जवळजवळ जुनीच. घोडागाडीच्या काळातलं वाक्य थेट मोडेमवर चढलं!

त्या वेळी पुण्यात सायबर कॅफेंचं पेव फुटलं होतं. डेक्कन, एफ. सी. रोड, पेरूगेट, जिकडे बघावं तिकडे पाट्या. मी एस. वाय. बी. कॉम. ला होतो आणि मित्राच्या थोरल्या भावाच्या सदाशिव पेठेतल्या कॅफेत संध्याकाळी काउंटरवर बसायचो. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या, त्यात प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेल्या सहा केबिनी. फळ्या जवळजवळ माथ्यापर्यंत. प्रत्येक केबिनीला अर्धा दरवाजा आणि आतून कडी. तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला बारा. कोपऱ्यातली सहा नंबरची केबिन आधी भरायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोलायचं नाही. मालकाचं कर्ज त्या कडीवर फिटत होतं.

त्याच सुमाराला, २००१ साली, दोन नागरिकांनी मुंबई हायकोर्टाला एक पत्र लिहिलं. इंटरनेटवर अश्लील साइट सहज उघडतात, मुलांना त्या सहज दिसतात, काहीतरी करा. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. सप्टेंबर २००१ मध्ये एक समिती नेमली. तिने सुचवायचं होतं की अल्पवयीन मुलांना या साहित्यापासून कसं दूर ठेवता येईल. जानेवारी २००२ च्या अखेरीस समितीने अहवाल दिला.

त्यातल्या शिफारशी आज वाचताना मला तो कॅफे जसाच्या तसा डोळ्यांपुढे दिसतो. येणाऱ्याचं ओळखपत्र बघा. नोंदी ठेवा. आणि अल्पवयीन मुलांना केबिनीत बसू देऊ नका. त्यांना बाहेर, सगळ्यांना दिसेल अशा मोकळ्या जागेतल्या मशीनवर बसवा आणि त्या मशीनवर फिल्टर टाका.

पेपरात या प्रकरणाच्या बातम्या यायला लागल्यावर आमच्या मालकाने खबरदारी म्हणून काउंटरवर एक वही ठेवली. नाव, वय, वेळ, सही. मोकळ्या जागेत मशीन ठेवायला मात्र तो तयार नव्हता. "बाहेर बसायला कोण पैसे देईल?" मला त्याने सांगून ठेवलं होतं, "वय विचारायचं, पण कमी लिहू द्यायचं नाही."

म्हणजे बंदोबस्त कागदावर पूर्ण!

नव्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. एक मुलगा नेहमी यायचा. आठवी-नववीतला असेल, पाठीला दप्तर, बहुतेक क्लास बुडवून. वहीत त्याने पहिल्यांदा खरं वय लिहिलं होतं, चौदा. मी ते खोडायला लावलं आणि एकोणीस लिहायला सांगितलं. तो हसला होता, मीही हसलो होतो. तो चॅटिंग करायचा, दुसरं काही करत असेल असं मला कधी वाटलं नाही. एक दिवस तासाचे पैसे भरून सहा नंबरमध्ये गेला आणि दहाच मिनिटांत बाहेर आला. चेहरा पांढराफटक. काउंटरशी येऊन उभा राहिला. "दादा..." म्हणाला आणि थांबला.

मी काय म्हणालो असेन? "पैसे परत मिळत नाहीत."

त्याने एकदा त्या वहीकडे बघितलं आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. चॅटवर पलीकडे कोण होतं, त्याने काय मागितलं, काय धमकी दिली, मला आजवर कळलेलं नाही. काहीच नसेलही. पण त्याला पैसे नको होते, एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बारा पावलांवर बसलेला मोठा माणूस होतो. आणि मीच त्याला कागदावर एकोणीस वर्षांचा करून टाकलं होतं. एकोणीस वर्षांच्या माणसाने कुणाकडे रडायचं?

आता पुन्हा कायद्याकडे. त्या समितीच्या कल्पनांशी मिळतेजुळते नियम देशभर व्हायला २०११ साल उजाडलं. सायबर कॅफेसाठी केंद्राने नियम काढले आणि त्यात चक्क फळीची उंची लिहिली. केबिनीची फळी जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. केबिनीबाहेरच्या मशीनचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून हवेत. केबिनीत अल्पवयीन मुलाला एकट्याला बसवायचं नाही, आईबाप किंवा पालक सोबत असतील तरच. नोंदी किमान वर्षभर जपायच्या.

आम्ही मित्र तेव्हा यावर खूप हसलो होतो. सरकार आता प्लायवूड मोजणार! पण आज मला वाटतं, या सगळ्या दीडशे वर्षांच्या इतिहासात शहाणपणाची गोष्ट कुठली असेल तर ती हीच. बाकी सगळे कायदे पुस्तकाला, चित्राला, विकणाऱ्याला धरत होते. हा एकच नियम मुलाच्या बसण्याच्या जागेचा विचार करत होता. त्यात मुलाला इंटरनेटपासून लांब हाकललेलं नव्हतं. त्याने बघावं, पण त्याच्या आसपास माणूस असावा. काही बिनसलं तर मान वळवून हाक मारता यावी. साडेचार फुटांवरून चौदा वर्षांच्या मुलाचा चेहरा दिसतो.

दुर्दैव असं की नियम आला तेव्हा कॅफे बंद पडायला लागले होते. आमच्या त्या कॅफेच्या जागी आधी झेरॉक्स आणि मग मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन-चार वर्षांत घराघरात प्रत्येकाच्या हातात स्वतःची केबिन आली. हिची फळी किती फुटांची आणि कोण मोजणार? आतून कडी मात्र आहे, अंगठा लावून उघडणारी.

कायदे थांबलेले नाहीत. २०२१ च्या नियमांनी ऑनलाइन मालिका-सिनेमांना वयाचे शिक्के लावले, ७, १३, १६ आणि फक्त प्रौढांसाठी, आणि तेरा वर्षांपुढच्या शिक्क्यांना पालकांच्या कुलपाची सोय सक्तीची केली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, असं ठरलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. जुन्या पिनल कोडच्या जागी जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यात वीस वर्षांची ती जुनी रेघ जाऊन अठरा आली. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांना बऱ्याच सोशल मीडियावर खातं उघडायलाच बंदी केली.

यात एक कायदा मला बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ६७-ब हे कलम आलं, ते ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झालं. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं साहित्य बनवणं, पसरवणं, बघणं, आणि मुलांना ऑनलाइन गोड बोलून जाळ्यात ओढणं, हे त्यात गुन्हे आहेत. २०१२ साली पॉक्सो कायदा आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने असं साहित्य नुसतं जवळ बाळगण्याविषयीही कडक भूमिका घेतली. इथे कायदा कल्पनेतल्या मुलाचं मन बिघडेल का, हे विचारत बसत नाही. इथे खरं मूल आहे, खरी इजा आहे आणि खरा अपराधी आहे. असा कायदा १८६८ साली कुणाला सुचला नाही आणि १९३४ सालीही नाही. तेव्हा कर्व्यांना दंड करण्यात वेळ जात होता.

पण या कायद्यापर्यंत पोचायला एक गोष्ट लागते. मुलाने येऊन सांगावं लागतं.

तर परवाच्या संध्याकाळचा उरलेला भाग. घरी पोचलो आणि मला राहवेना, म्हणून भाचीला फोन करून त्या मुलाची गोष्ट सांगितली. वही, एकोणीस, "दादा...", सगळं. माझी चूक लपवली नाही. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "मामा, तू उद्या येशील?"

गेलो. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच एका ॲपवर एक 'मैत्रीण' झाली होती. ती मैत्रीण नव्हती. फोटो मागायला लागली, मग दटावायला लागली. भाचीने फोटो दिले नाहीत, ब्लॉक केलं आणि तीन आठवडे कुणाला काही सांगितलं नाही. नीट जेवतही नव्हती म्हणे. आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन.

"आईला का नाही सांगितलंस?"

"मग आधी तारखेचं सांगावं लागलं असतं ना."

मला पुढे काही बोलता येईना. ज्या कायद्याचा तिला खरोखर उपयोग होता, त्याच्या वाटेत नेमकी तीच खोटी तारीख आडवी येऊन बसली होती, जी दुसऱ्या एका नियमाने तिच्याकडून लिहून घेतली होती. मुलांना बाहेर ठेवणारं दार आणि अडचणीतल्या मुलाला आत घेणारं दार एकच असलं की हे असं होतं. दाराशी खोटं बोललेलं मूल परत येऊन ते ठोठावत नाही.

वयाच्या अटी नसाव्यात असं मी म्हणत नाही. मला तो अधिकार नाही, मी वही बघितली आहे. पण अट घालणाऱ्याने, मग ते सरकार असो, कंपनी असो की आई, सोबत एक वाक्य तरी म्हणायला हवं की तू खोटं लिहिलं असलंस तरी येऊन सांग, तारखेचं आपण नंतर बघू. ते वाक्य कुठल्याच कायद्यात मला सापडलं नाही. बहुतेक ते घरातच म्हणावं लागेल.

आम्ही दोघांनी मिळून ताईला सांगितलं. ताई आधी तारखेवरूनच चिडली. मग गप्प झाली. मग तिने चहा टाकला आणि भाचीला जवळ घेऊन बसली. रात्री सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. जन्मतारीख खरी टाकली. (कुणाला लागला तर मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८.)

हे लिहू का, असं भाचीला विचारलं होतं. तिने सगळं वाचून दोन वाक्यं काढायला लावली, बाकी राहू दिलं. आत्या, काकू, मावशी मंडळींना विनंती एवढीच की तिला लगेच फोन करून काही विचारू नका. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. सध्या ती अभ्यासाला हॉलमध्ये बसते आणि फोन टेबलावर असतो. असं कुणी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलंय.